कापडाची उलटी बाजू : मॉर्गन, कॅरोलाइन पार्कर आणि सेनेका बायकांचं मणीकाम

मराठी वाचकाला लुईस हेन्री मॉर्गन भेटतो तो बहुतेक वेळा एंगल्सच्या खांद्यावरून. १८८४ साली एंगल्सने कुटुंबसंस्थेच्या उगमावर पुस्तक लिहिलं, त्याचा पाया मॉर्गनच्या 'एन्शंट सोसायटी'चा (१८७७) होता. तिथून पुढे डांग्यांनी १९४९ साली आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतचा भारत मांडला, कोसंबींनी त्याचा कडक समाचार घेतला, आणि मातृसत्ता, गण, कुळ या शब्दांवर आपल्याकडे पुढची काही दशकं वाद झडत राहिले. या सगळ्या वादात अमेरिकेतल्या सेनेका लोकांचा उल्लेख अधूनमधून येतो. त्यांच्या बायका सरदार नेमत आणि काढूनही टाकत, घर आणि शेत बायकांचं असे, कूळ आईकडून चाले, एवढं आपल्याला पाठ असतं. त्या बायका अंगात काय घालत होत्या, ते कोणी आणि कसं केलं, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

खुद्द मॉर्गनला मात्र ते सुचलं होतं. 'एन्शंट सोसायटी'च्या सव्वीस वर्षं आधी, १८५१ साली, त्याने 'लीग ऑफ द हो-दे-नो-सौ-नी, ऑर इरोक्वॉय' हे पुस्तक काढलं. (फ्रेंचांमुळे रुळलेल्या 'इरोक्वॉय' या नावाऐवजी हे लोक स्वतःला हॉदेनोशोनी, म्हणजे लांब घरातले लोक म्हणतात. सेनेका हे त्या सहा राष्ट्रांपैकी सर्वांत पश्चिमेचं, म्हणून त्या लांब घराच्या पश्चिम दाराचे राखणदार.) पुस्तकाच्या तिसऱ्या भागात कापड, भांडी, अवजारं यांवर एक प्रकरण आहे. मला ते मॉर्गनच्या एकूण लेखनातलं सर्वांत जिवंत वाटतं. सिद्धांत मांडणारा मॉर्गन अजून जन्माला यायचाय. इथे रॉचेस्टरचा एक तिशीतला वकील टेबलावर वस्तू मांडून बसलाय आणि एकेक उचलून दाखवतोय.

बाईच्या पोशाखाचे तुकडे तो सेनेका नावांनिशी देतो. गा-का-आह हा घागरा: निळ्या बनातीचा, कमरेला बांधलेला, खालच्या काठाला मण्यांचं जड काम. त्याखाली गिस-हा, म्हणजे गुडघ्याच्या वरपासून पावलापर्यंत येणारे पायघोळ, बहुधा लाल बनातीचे, त्यांनाही खाली मण्यांचा काठ. घागऱ्यावरून आह-दे-आ-दा-वे-सा हा सैल अंगरखा. तो मात्र सुती, भडक छापाचा, कमरेशी थोडा चुणलेला, काठाला मण्यांची बारीक पट्टी आणि पुढे चांदीच्या टाचण्या. डोक्यावरून किंवा खांद्यावरून ई-योस ही निळ्या वा हिरव्या बनातीची शाल. पायात हरणाच्या कातड्याचे मोकॅसिन.

इथे 'बनात' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. पेशवाईच्या कागदांत बनात आणि सकलाद सारखी भेटते. विलायतेहून येणारं, भिजवून-बडवून दाट केलेलं लोकरी कापड. सेनेकांकडे पोचणारी बनातही इंग्लंडचीच. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड गावाच्या नावावरून व्यापाऱ्यांनी अशा कापडाला 'स्ट्राउड' म्हणायला सुरुवात केली. अंगरख्याचं छापील सुती कापड म्हणजे कॅलिको. ते नाव कालिकतवरून पडलं. त्याच्या फुलाफुलांच्या भावंडाला इंग्रजीत चिंट्झ म्हणतात, तो आपला 'चीट'. इंग्रजांनी ही कापडं आधी इथून नेली, मग स्वतः छापायला लागले, मग जगभर विकायला लागले. मणी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे आणि बोहेमियातले. रिबिनी असल्याच तर रेशमी, युरोपातल्या. चांदीच्या टाचण्या मात्र सेनेका कारागीर नाणी ठोकून स्वतः करत, त्यांतले काही आकार स्कॉटिश दागिन्यांवरून उचललेले.

म्हणजे घागरा अंगावर घालून उभ्या असलेल्या सेनेका बाईच्या पोशाखातला हरणाच्या कातड्याचा भाग वगळला, तर जवळपास प्रत्येक कच्चा माल समुद्र ओलांडून आलेला. यावरून दोन प्रकारची मतं ठोकली जातात आणि मला दोन्ही आळशी वाटतात. एक म्हणजे हे खरं पारंपरिक नव्हे. खरं ते हरणाचं कातडं, साळिंदराचे काटे आणि मूसचे केस. दुसरं, अलीकडचं आणि जास्त गोड मत: बघा, कशी सर्जनशील सरमिसळ! पहिलं मत परंपरेला मालाच्या यादीत शोधतं. दुसरं सरमिसळीचं कौतुक करतं पण ती कुठे, कशाला, कोणत्या नियमाने झाली ते पाहायची तसदी घेत नाही.

पाहायला गेलं तर निवडी फार काटेकोर दिसतात. साळिंदराचा काटा रंगवून, ओला करून, चपटा करून कातड्यावर शिवायचा ही या बायकांची जुनी विद्या. त्यात गडद जमिनीवर फिकट रेघ चालवायची सवय पक्की झालेली होती. काळं रंगवलेलं कातडं त्यासाठीच लागे. बनात आली तेव्हा दुकानात अनेक रंग असणार. घागऱ्यासाठी घेतली गेली ती गडद निळी किंवा काळी. मणीही हजार रंगांचे मिळत होते. रेघेसाठी घेतला गेला तो पांढरा. नवा माल जुन्या व्याकरणात बसवला गेला. शिवाय बनातीचा एक गुण शिवणाऱ्या कोणालाही लगेच कळेल: दाट बडवलेली असल्याने कापलेल्या कडेला तिचे धागे सुटत नाहीत, सुई सहज जाते आणि टाका घट्ट धरून ठेवते. काचेच्या मण्यांचं वजन काठावर पेलायचं तर असं कापड लागतं. अंगरख्याच्या पातळ चिटावर फक्त बारीक पट्टी आणि बनातीच्या घागऱ्यावर वीतभर काम, ही विभागणी सौंदर्याची आहे तितकीच भाराची आहे. आणि तो भार वाया जात नाही. काठ जड झाला की घागरा सरळ, घंटेसारखा पडतो.

मराठीत 'पोत' म्हणजे कापडाची वीण आणि 'पोत' म्हणजे गळ्यातली मण्यांची माळ. व्युत्पत्तीच्या भानगडीत मी पडत नाही, पण या घागऱ्याबद्दल बोलायला दोन्ही पोत लागतात.

आता मॉर्गनच्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा परिच्छेद. तो रंगांबद्दल आहे. मॉर्गन सांगतो की या बायका समोर नमुना ठेवून काम करत नाहीत. दुसरीच्या कामात पाहिलेलं आणि स्वतःचा डोळा एवढ्यावर भिस्त. पण रंग जुळवताना काही नियम पाळले जातात. दोन तीव्र रंग एकमेकांना भिडू द्यायचे नाहीत, मधे पांढरा घालून त्यांची धार मोडायची. मग तो जोड्या देतो: फिकट निळा आणि गुलाबी, मधे पांढरा, गडद निळा आणि पिवळा, मधे पांढरा, लाल आणि फिकट निळा, मधे पांढरा, फिकट जांभळा आणि गडद जांभळा, मधे पांढरा. नीट तपासलं तर हे नियम कसोशीने पाळलेले दिसतात, आणि म्हणून या कामाला पद्धतशीर कला म्हणता येईल, असं त्याचं म्हणणं. फुलं काढणं हा यातला सर्वांत अवघड भाग, कारण त्यासाठी रोप त्या त्या अवस्थेत कसं दिसतं याची अचूक माहिती लागते, हेही तो नोंदवतो.

१८५१ साली एका गोऱ्या माणसाने मूलनिवासी बायकांच्या शिवणकामाबद्दल 'पद्धत' आणि 'नियम' हे शब्द वापरावेत, ही साधी गोष्ट नाही. त्या काळच्या प्रवासवर्णनांत अशा कामाला मिळणारी विशेषणं म्हणजे चमकदार, भपकेबाज, रानटी आवड. मॉर्गन थांबला, जोड्या मोजल्या, नियम काढला. आणि नियम बरोबर आहे. मोहरीएवढे मणी गडद जमिनीवर शेजारी शेजारी बसवले की चार हातांवरून त्यांचे रंग डोळ्यात मिसळतात. लालाला निळा खेटून लावला तर लांबून एक मळकट पट्टा दिसतो. मधली पांढरी रेघ दोघांना आपापल्या जागी ठेवते. ही जमातीची आवड म्हणून सोडून द्यायची बाब नाही. नाचताना, चालताना, सभेत लांबून दिसणाऱ्या काठाचं हे गणित आहे.

इतकं पाहणारा मॉर्गन एक गोष्ट अजिबात पाहत नाही: दोरा.

त्याच प्रकरणात ओझं वाहायच्या पट्ट्याचं वर्णन आहे. कपाळावरून मागे जाणारा, पाठीवरचं ओझं पेलणारा हा पट्टा झाडाच्या अंतर्सालीच्या तंतूंचा असतो. मॉर्गन तिथे सगळं सांगतो. कोणत्या झाडाची साल, ती राखेच्या पाण्यात कशी उकळायची, तंतू कसे सोडवायचे, मांडीवर कसे वळायचे, ताण्याला किती दोऱ्या घ्यायच्या, बोटांनी कसं विणायचं. वाचणाऱ्याला तो पट्टा पुन्हा करून पाहता येईल. सालीची होडी, भांडी, वाम्पमचे पट्टे, सगळीकडे कमीजास्त कृती आहे. मण्यांच्या घागऱ्याला आलं की कृती गायब. रंग आहेत, आकार आहेत, कौतुक आहे. सुई नाही, टाका नाही, मागची बाजू नाही.

माझ्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार ओळखीचा आहे. चालणारा प्रोग्राम हातात येतो, सोर्स कोड येत नाही. पडद्यावर काय दिसतं यावरून आत काय असेल ते ताडत बसायचं. पण इथे सोर्स दडवलेला नव्हता. तो शेजारच्या खोलीत बसून शिवत होता.

म्हणून कृती आधी सांगते. मणी कापडावर बसवायच्या तीन रीती या परंपरेत महत्त्वाच्या. पहिली रेघेची. तिला दोन दोरे लागतात. एका दोऱ्यात मणी ओवायचे आणि तो दोरा रेघेवरून नुसता ठेवायचा, कापडात घालायचा नाही. दुसरा दोरा खालून वर येतो, पहिल्या दोऱ्यावरून आडवा जाऊन त्याला दाबतो आणि पुन्हा खाली जातो. किती मण्यांनी दाबायचं हा सगळा खेळ. सरळ रेघेत तीन-चार मण्यांनी एकदा पुरतं. वळणावर तेवढ्याने भागत नाही. दोन टाक्यांमधला तुकडा सरळच राहतो, म्हणजे वळणाऐवजी कोपरे दिसतात. तिथे दोन मण्यांनी, घट्ट वेटोळ्याच्या आत तर एकेका मण्याने दाबावं लागतं. हे वाचत असताना मी एका जुन्या ब्लेझरच्या तुकड्यावर बोटभर गोलाई घालून पाहिली. पुढून काही कळत नाही, एकसंध पांढरी रेघ दिसते. तुकडा उलटा केला की सरळ भागात विरळ टिंबं आणि वळणावर दाट टिंबं. शिवणारीने कुठे घाई केली, कुठे श्वास रोखला, सगळं मागे लिहिलेलं असतं.

दुसरी रीत पट्ट्यांची. एकाच दोऱ्यात पाच-सहा मणी घ्यायचे, आडवी ओळ घालायची, कापडात उतरायचं, लगेच शेजारून परत यायचं. यात मणी फक्त टोकांना धरलेले असतात, त्यामुळे काम भराभर होतं आणि जागा भरते. तिसरी उठावाची. पाच मण्यांच्या जागेत सात मणी घातले की ओळ कमान होऊन वर उठते. खाली कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा आकार ठेवून त्यावरून अशा ओळी घातल्या की पान, पाकळी, पक्षी कापडातून फुगून वर येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायगारा धबधब्यावर येणाऱ्या पर्यटकांनी टाचण्यांच्या उशा, बटवे, टोप्या म्हणून डझनावारी विकत घेतलं ते हे काम. त्यातला कागद कायमचा आत राहतो. जुन्या उशा उसवल्या की शिवणारीच्या घरातलं वर्तमानपत्र बाहेर यावं तसा.

घागऱ्यावरचं काम प्रामुख्याने पहिल्या रीतीचं. काठाशी दोनतीन समांतर रेघा, त्यांवर अर्धगोल एकाला एक लागून, अर्धगोलाच्या डोक्यावर बाहेर किंवा आत वळलेली दोन वेटोळी. सगळं पांढऱ्या मण्यांचं, एकेरी रेघेचं. लांबून लेस लावल्यासारखं दिसतं. पुढच्या कोपऱ्यात याच वेटोळ्यांचं मोठं झाड उभं राहतं. म्हणजे मॉर्गनने ज्याचं सर्वाधिक कौतुक केलं त्या कामात वळणंच वळणं आहेत. दर बोटाला टाक्यांचं अंतर बदलावं लागणारं काम.

मग मॉर्गनने हे का सोडलं? त्याला शिवणकाम कमी प्रतीचं वाटत होतं असं मला वाटत नाही; तसं असतं तर रंगांवर इतका वेळ घालवला नसता. मला दिसणारं कारण जास्त साधं आहे. सालीचा पट्टा त्याने आधी कधी पाहिला नव्हता, म्हणून कसा करतात असा प्रश्न पडला. सुई-दोरा घेऊन बसलेली बाई त्याने जन्मभर घरात पाहिली होती. शिवणं हे बायकांना येतंच, त्यात सांगण्यासारखं काय? रॉचेस्टरच्या दिवाणखान्यातली सवय टोनावांडापर्यंत त्याच्यासोबत गेली आणि त्याच्या नजरेच्या नेमकी आड आली. अनोळखी वस्तूची कृती लिहायची आणि ओळखीच्या वाटणाऱ्या वस्तूचं फक्त कौतुक करायचं, ही खोड मॉर्गनबरोबर संपली नाही. संग्रहालयांच्या वेबसाइटवर आज असे घागरे झूम करून मणी मोजता येतील इतक्या बारकाईने पाहायला मिळतात. उलट बाजूचा फोटो क्वचितच असतो.

हे काम करणारी बाई अनामिक नाही, हे या प्रकरणातलं सुदैव. कॅरोलाइन पार्कर, सेनेका नाव गा-हा-नो, टोनावांडाच्या पार्कर घराण्यातली, लांडगा कुळातली, तेव्हा विशीत. १८४९ च्या सुमारास मॉर्गन न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयासाठी वस्तू जमवत होता तेव्हा त्यातलं बरंच मणीकाम तिने करून दिलं. याच काळात ती ऑल्बनीच्या सरकारी अध्यापक विद्यालयात शिकत होती. तिला इंग्रजी लिहिता-बोलता येत होतं. मॉर्गन तिचं नाव छापतो, आणि तिच्या परिपक्व 'टेस्ट'चं व चिकाटीच्या मेहनतीचं राज्यावर ऋण आहे असं म्हणतो. श्रेय दिलंच नाही असा आरोप त्याच्यावर करता येणार नाही.

पण श्रेय कशाचं दिलं ते पाहा. तिचा भाऊ ईली पार्कर १८४४ साली ऑल्बनीच्या एका पुस्तकांच्या दुकानात मॉर्गनला भेटला. दुभाषा, माहितगार, मित्र. 'लीग' हे पुस्तक ईलीला अर्पण आहे, दोघांच्या संयुक्त संशोधनाचं फळ म्हणून. भावाकडे ज्ञान, बहिणीकडे रुची आणि धीर. वाम्पम आणि सभेचे नियम सांगणं हे संशोधन, आणि रंगांच्या जोड्यांचे नियम? ते मॉर्गनला कोणी सांगितले असतील? परिच्छेदात कर्ता आहे 'त्या', अनेकवचनी, साऱ्या बायका. ज्या घरात तो उतरत होता, ज्या मुलीकडून त्याने घागरा करून घेतला, जी त्याच्या भाषेत उत्तरं देऊ शकत होती, ती या नियमांची सर्वांत जवळची तोंडी ग्रंथसंपदा होती असं मला वाटतं. मी हे प्रकरण मराठीत आणलं तर त्या 'टेस्ट'ला 'रुची' किंवा 'अभिरुची' म्हणणार नाही. 'जाण' म्हणेन. मूळ शब्दाला मी थोडं ओढतेय, हे कळूनसुद्धा.

'लीग'मध्ये कॅरोलाइनचं चित्रही आहे, फोटोवरून कोरलेलं. स्वतः केलेला सगळा पोशाख अंगावर चढवून ती उभी आहे. खाली तिचं सेनेका नाव, आणि ओळख: इरोक्वॉय पोशाखातली एक सेनेका मुलगी. तिने पोशाख केला हे चित्राखाली नाही. तिने तो घातलाय एवढंच. कर्ती नमुना झाली.

या चित्राकडे पाहताना एक थट्टा विसरता येत नाही. मॉर्गनचा या लोकांशी संबंध सुरू झाला तो एका तरुण मंडळामुळे. ऑरोरा गावातल्या सुशिक्षित गोऱ्या पोरांनी इरोक्वॉयांच्या नावाने एक गुप्त संघ काढला होता. रात्री शेकोटीभोवती जमून, 'इंडियन' पोशाख करून ते भाषणं करत. आपला संघ जास्तीत जास्त खरा दिसावा म्हणून मॉर्गनने खऱ्या इरोक्वॉयांची माहिती शोधायला सुरुवात केली. म्हणजे अमेरिकन मानववंशशास्त्राच्या मुळाशी वेशभूषेची हौस आहे. हौसेतून अभ्यास झाला, अभ्यासातून मैत्री झाली, १८४६ साली टोनावांडाच्या लोकांनी त्याला दत्तकही घेतलं.

त्यांनी त्याला जवळ का केलं असेल, याचं उत्तर मात्र हौसेत नाही. १८३८ च्या बफेलो क्रीक करारात लाचलुचपत आणि दमदाटी करून सेनेकांची न्यूयॉर्कमधली जमीन ऑग्डेन लँड कंपनीच्या घशात घालण्यात आली. १८४२ च्या तडजोडीत अॅलेगनी आणि कॅटरॉगस हे प्रदेश परत मिळाले. टोनावांडा मिळाला नाही. टोनावांडाच्या लोकांनी गाव सोडायला नकार दिला आणि अर्ज, वकील, कोर्ट यांच्या जोरावर जवळपास वीस वर्षं झुंज दिली. ईली पार्कर विशीही ओलांडायच्या आधीपासून वॉशिंग्टनच्या खेपा घालत होता. शेवटी १८५७ च्या करारात, कॅन्ससला हाकलण्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून, त्यांनी आपलीच साडेसात हजार एकरांच्या आसपास जमीन विकत घेतली.

कॅरोलाइनने घागरा शिवला तो या झुंजीच्या ऐन मध्यात, आणि तो राज्याच्या राजधानीतल्या काचेच्या कपाटात जाणार हे माहीत असताना. आमदार, न्यायाधीश, पत्रकार ते कपाट पाहणार होते. 'हे लोक संपत चाललेत, यांना पश्चिमेकडे पाठवा' असं म्हणणाऱ्यांसमोर दोन वार निळी बनात, इंग्लंडचं कापड, व्हेनिसचे मणी, आणि त्यावर तिच्या लोकांचं आकाश. हे तिच्या मनात होतं असं मी म्हणत नाही. हा घागरा वाचायचा तर त्याच्यामागे ही जमीन ठेवूनच वाचायला हवा, एवढं म्हणते. मॉर्गनने कंपनीविरुद्ध अर्जांवर सह्या गोळा केल्या होत्या; तरी त्याच्या वस्तूंच्या प्रकरणात जमिनीचा वास येत नाही. तिथे सगळं निवांत, प्रदर्शनासारखं.

२९ मार्च १९११ ला ऑल्बनीच्या राज्यभवनाला आग लागली. राज्याच्या ग्रंथालयातली लाखो पुस्तकं गेली आणि मॉर्गनने जमवलेल्या वस्तूंपैकी बहुतेक जळाल्या. काही डझन वाचल्या त्या आर्थर पार्करमुळे. तो संग्रहालयाचा पुरातत्त्वज्ञ होता. पिढीजात टोमहॉकने त्याने कपाटांच्या काचा फोडल्या असं सांगतात. आर्थर हा निकोल्सन पार्करचा नातू. निकोल्सन म्हणजे कॅरोलाइन आणि ईलीचा भाऊ. चुलत आजीच्या हातचं काम जळत्या इमारतीतून नातू बाहेर काढतोय, असं कादंबरीत कोणी लिहिलं तर आपण नाक मुरडू.

पुढच्याच वर्षी आर्थरने इरोक्वॉयांच्या वृक्षकथा आणि वृक्षचिन्हांवर निबंध छापला, आणि काठावरच्या रेघांना पहिल्यांदा नीट वाचलं गेलं. समांतर रेघा म्हणजे पृथ्वी, अर्धगोल म्हणजे आकाशाचा घुमट, वरची वेटोळी म्हणजे आकाशलोकातलं झाड. सृष्टीच्या कथेत ते झाड उपटलं जातं, त्या भोकातून आकाशबाई खाली पडते, पाणपक्षी तिला झेलतात आणि कासवाच्या पाठीवर जमीन तयार होते. घागऱ्याच्या काठाला, पावलांच्या जरा वर, बाई चालते तिथे, जग कसं सुरू झालं ते शिवलेलं. मॉर्गनला या घरात पाहुणचार मिळाला होता, तरी त्याने काठाकडे नक्षी म्हणूनच पाहिलं. आर्थरचा निबंध त्याच्या पुढे जातो यात वाद नाही.

तरी आर्थरवरही माझा एक आक्षेप आहे. चिन्हाला अर्थ चिकटवला की त्याचा कोश होतो, आणि कोश झाला की शिवणारी पुन्हा नाहीशी होते. आजच्या लेखांत, प्रदर्शनांच्या पाट्यांवर तेच दिसतं: अर्धगोल बरोबर आकाश, वेटोळं बरोबर झाड, पुढे चला. पण एकाच आकाशाचे घुमट एकीने रुंद आणि बसके घातले, दुसरीने अरुंद आणि उंच. एकीचं वेटोळं दीड वेढ्याचं, दुसरीचं अडीच. वेढा वाढला की आतल्या टाक्यांची संख्या वाढते, दिवस वाढतात. तो निर्णय कथेतून येत नाही, हातातून येतो. अर्थाची यादी सगळ्या घागऱ्यांना सारखी लागू पडते, आणि टीकेला खरं काम सुरू होतं ते तिच्यापुढे.

आर्थरला हे बहुधा समजलं होतं, निदान पुढे. रॉचेस्टरच्या संग्रहालयाचा संचालक असताना, मंदीच्या काळात, १९३५ ते १९४१ त्याने सरकारी रोजगार योजनेच्या पैशातून सेनेका कला प्रकल्प चालवला. टोनावांडा आणि कॅटरॉगसचे शंभरेक कारागीर पगारावर घेतले. जुन्या वस्तू आणि चित्रं समोर ठेवून त्यांनी पाच हजारांवर वस्तू केल्या: लाकडी चमचे, टोपल्या, चित्रं, चांदी, आणि बनातीवर मणी. जुनं हुबेहूब परत आणायचा त्याचा आग्रह आता थोडा जाचक वाटतो. कारागिरांना स्वतःचं काही करायला किती वाव मिळाला यावर अभ्यासक आजही बोलतात. पण एक गोष्ट त्यातून उघड झाली. चित्रात फक्त पुढची बाजू होती, पुस्तकात टाका नव्हता, मूळ वस्तूंपैकी बहुतेक राख झाल्या होत्या. तरी घागरे झाले, कारण मण्यांचा दोरा कुठे दाबायचा हे त्या बायकांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. आणि या वेळी त्यांना त्या कामाचा पगार मिळत होता.

कॅरोलाइन स्वतः १८६४ साली टस्करोरा सरदार जॉन माउंटप्लेझंटशी लग्न करून नायगाराजवळ राहायला गेली आणि १८९२ मध्ये वारली. एंगल्सचं पुस्तक आठ वर्षांपूर्वीच निघालं होतं. त्यात सेनेका बायकांच्या अधिकारांबद्दल आदराने लिहिलेलं आहे, त्यांच्या लांब घरांबद्दल आहे, भांडारावरच्या हुकमतीबद्दल आहे.